तीन सूर्य आणि एक कोरडा रुमाल

बॅटरीकाकांना सिनेमा बघून रडू यायचं, यात नवल काही नाही. पुष्कळांना येतं. पण बॅटरीकाकांच्या रडण्यावर एक अख्खं चित्रपटगृह चालत होतं, आणि असला प्रकार दुसरीकडे कुठे ऐकिवात नाही.

काका तिथे एकतीस वर्षं डोअरकीपर होते. उशिरा आलेल्या माणसाच्या पायापुढे बॅटरीचा उजेड टाकायचा, "या, जपून, पायरी आहे" म्हणायचं, त्याला खुर्चीपर्यंत पोचवायचं, आणि मग दाराजवळच्या लोखंडी खुर्चीवर बसून उरलेला सिनेमा बघायचा. लोक उशिराच येतात, त्यामुळे कुठल्याही सिनेमाची सुरुवात काकांनी धड पाहिलेली नव्हती. शेवट मात्र त्यांना सगळे पाठ होते.

रुमालाचा कायदा थोरल्या मालकांनी काढला. त्यांचा धंदा सिनेमाचा, पण दिवे गेले की त्यांना झोप लागे. जाहिराती संपायच्या आत घोरायला लागत. मग लावलेला सिनेमा ठेवायचा की उतरवायचा हे ठरवायचं कसं? एका शुक्रवारी पहिला खेळ सुटला तेव्हा काका त्यांना दारात भेटले. डोळे लाल, नाक लाल, हातात पिळून वाळत घालावा असा रुमाल. थोरल्या मालकांनी तो रुमाल अंगठ्याने दाबून बघितला आणि सिनेमा दोन आठवड्यांसाठी वाढवला. सिनेमा धो धो चालला. पुढच्या सिनेमाला रुमाल कोरडा निघाला, तो सोमवारीच आडवा झाला. मग कायदाच ठरून गेला. शुक्रवारचा पहिला खेळ सुटला की काकांनी आपले रुमाल मालकांच्या टेबलावर ठेवायचे. कोरडे असतील तर सिनेमा गुरुवारी खाली. एक ओला, दोन आठवडे. दोन ओले, चार आठवडे. थोरले मालक गेले, धाकटे आले. त्यांनी खुर्च्या बदलल्या, पडदा बदलला, रिळांची यंत्रं काढून नवं मशीन आणलं. रुमालाचा कायदा मात्र तसाच ठेवला, कारण अंधारातल्या झोपेचा वारसा त्यांनाही मिळाला होता.

घरून काकू दर शुक्रवारी तीन रुमाल इस्त्री करून द्यायच्या, दोन कामाचे आणि एक घामाचा.

या कामात काकांनी कधी लबाडी केली नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. वितरक येऊन गोड बोलायचे, पाठीवर हात फिरवायचे, एकाने तर मागच्या खिशात विक्सची डबी सरकवली होती. काकांनी ती परत केली. रडू आलं तर आलं, नाही आलं तर रुमालाची घडी न मोडता टेबलावर.

काकांचा विक्रम होता 'पहारेकरी' या सिनेमावर. बावीस वर्षं झाली त्याला. अंतराळातली गोष्ट, पण चित्रं यथातथाच. यान पत्र्याचं आहे हे कळायचं, आणि एका ग्रहाला बांधलेला दोरा पहिल्या रांगेतून चक्क दिसायचा. गोष्ट एका म्हाताऱ्या कप्तानाची. वाट चुकलेलं एक यान कधीतरी परत येईल म्हणून तो उजाड ग्रहावर एकटाच दिवा सांभाळत बसतो. यान येतं तेव्हा कप्तान नसतो, दिवा मात्र चालू असतो. संपली गोष्ट. त्या दिवशी काकांचे तीनही रुमाल भिजले, घामाच्यासकट, वर उजवी बाही. सिनेमा एकोणीस आठवडे चालला. एकोणीस आठवडे काका रोज तीन वेळा रडले आणि घरी जाऊन दोन घास जास्तच जेवले.

आता त्याच कप्तानाच्या तरुणपणाचा सिनेमा आला होता. 'पहारेकरी: आरंभ'. धाकट्या मालकांनी दारावर पुठ्ठ्याचं एक भलंमोठं यान टांगलं. ते इतकं खाली आलं होतं की उंच माणसांना वाकून आत जावं लागे. काकू म्हणाल्या, "या वेळी चार रुमाल देते." काकांनी चारही घेतले.

इथे ऑपरेटरबद्दल सांगायला हवं, कारण खरं घोडं तिथेच अडलं होतं.

ऑपरेटर वर केबिनमध्ये, काका खाली दारात. एकतीस वर्षं दोघं एकाच इमारतीत, आणि दोघांच्या बोलण्याची बेरीज केली तर एका मध्यंतरात मावेल. ऑपरेटर जात्याच घुम्या. आनंद झाला तर "बरं" म्हणायचा, दुःख झालं तरी "बरं". रडण्याचा तर प्रश्नच नव्हता. खिशात रुमालच ठेवत नसे. पण एक गोष्ट होती. खेळ सुरू झाला, केबिनच्या छोट्या खिडकीतून उजेडाचा झोत निघाला, की ऑपरेटर त्या झोतापुढून दोनदा हात फिरवायचा. पडदा क्षणभर दोनदा काळा व्हायचा. प्रेक्षकांना वाटायचं, मशीन जुनं आहे. खालून काका बॅटरी वर करून केबिनच्या खिडकीवर दोनदा उजेड पाडायचे. आलास का? आलो. पहिल्या वर्षी कधीतरी हे सुरू झालं, का ते दोघांनाही आठवत नव्हतं, आणि त्याबद्दल ते कधी बोललेही नव्हते. नवं मशीन आलं तरी हात फिरायचा राहिला नाही.

तो ऑपरेटर येत्या रविवारी निवृत्त होणार होता. दुपारचा खेळ सुटल्यावर निरोपाचा कार्यक्रम, भाषण काकांचं. सगळ्यांचा अंदाज असा की काका पहिल्या वाक्यातच फुटणार. तिकीट खिडकीवरच्या बाईंनी कागदी रुमालांचा खोकाच आणून ठेवला होता.

आणि दोन दिवस आधी, शुक्रवारी, 'आरंभ' लागला.

काय सांगावं! एक नाही, दोन नाही, तीन सूर्य. एक निळा, एक तांबडा आणि एक असा की त्याच्या रंगाला नावच नाही. डोक्यावर उलटा टांगलेला समुद्र, त्यात उलटे पोहणारे मासे. पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जायला चार मिनिटं घेणारं यान. काकांचं तोंड जे उघडलं ते मध्यंतरापर्यंत मिटलं नाही. आणि खुलासे तरी किती! कप्तानाची टोपी कुणाची, गालावरचा वण कशाचा, उजव्या बुटाचं बक्कल का तुटलं, ज्याची कुणी कधी चौकशी केली नव्हती ते सगळं नीट समजावून सांगितलेलं. बुटालाच बावीस मिनिटं. कप्तानाची एक प्रेयसीही होती. तिच्या केसांत खरोखरच्या चांदण्या होत्या आणि तोंडात वाक्य एकच, "लवकर!" कप्तानाचा बाप मेला. पण तो मरत असताना मागे तिन्ही सूर्य एकदम मावळत होते. सगळं प्रेक्षागृह सूर्य बघत बसलं, आणि थोड्या वेळाने तिसऱ्या रांगेतून एकाने शेजाऱ्याला विचारलं, "तो म्हातारा कुठे गेला हो?"

खेळ सुटला. काकांनी खिशात हात घातला. चारही रुमाल इस्त्रीसकट जसेच्या तसे.

धाकट्या मालकांनी पहिला रुमाल दाबला. दुसरा दाबला. चौथ्याची घडी मोडून आतून बघितला.

"काका, हे काय?"

"कोरडे आहेत, मालक."

"ते दिसतंय मला. पण सिनेमा 'पहारेकरी'चा आहे! तुम्ही नीट बघितला ना?"

"डोळे फाडफाडून बघितला."

"बाप मरतो म्हणे त्यात."

"मरतो. मला नंतर कळलं."

मालकांनी डोकं धरलं. दारावरच्या पुठ्ठ्याच्या यानाकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "निकाल राखून ठेवतो. आजचे उरलेले दोन आणि उद्याचे तीन खेळ बघा. घाई नको. मनापासून रडा."

काका घरी आले ते चेहरा पाडून. काकूंनी रुमाल पाहिले आणि काय ते ओळखलं.

"अहो, सिनेमा वाईट असेल."

"वाईट कसा असेल? तीन सूर्य आहेत त्यात!"

"मग काय झालं? आपल्याकडे एक आहे, त्याच्याकडे बघून कधी रडलात?"

"बाप मेला अगं! डोळ्यांदेखत बाप मेला आणि मी सूर्य बघत बसलो. तीनही खेळांना. माणूस आहे की कोण मी?" काका पलंगावर बसले. मग हळूच म्हणाले, "माझंच पाणी आटलंय. परवा त्याचा निरोप आहे. एकतीस वर्षं परक्या लोकांसाठी रडलो, आणि त्याच्यासाठी उभा राहिलो की कोरडा ठणठणीत. काय वाटेल त्याला?"

हेच होतं काकांच्या पोटात. सिनेमा चालो की पडो, त्याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं.

काकू नुसत्या बोलत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. शनिवारी सकाळी त्यांनी काकांना हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. डॉक्टरबाईंनी काकांच्या दोन्ही खालच्या पापण्यांत कागदाची एकेक बारीक पट्टी अडकवली. पट्टीवर खुणा होत्या. पाणी कुठल्या खुणेपर्यंत पोचतं ते बघायचं होतं. काका पापण्यांतून पट्ट्या लोंबवत बसले.

"कधीपासून येत नाही रडू?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कालपासून."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी रोज तीन वेळा."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "रोज तीन वेळा? कशावर?"

काका सांगू लागले. 'पहारेकरी'पासून सुरुवात केली. पत्र्याचं यान, उजाड ग्रह, दिवा. कप्तान रोज दिव्याची काच पुसतो. रोज म्हणतो, आज येईल. मग एक दिवस काच पुसलेली नसते. इथवर येईतो काकांच्या दोन्ही पट्ट्या वरपासून खालपर्यंत भिजून गळून पडल्या आणि डॉक्टरबाई खुर्ची वळवून भिंतीवरचा तक्ता वाचत होत्या. तक्त्यातलं मोठं अक्षरसुद्धा त्यांना दिसत नव्हतं.

"डोळे उत्तम आहेत," नाक ओढत त्या म्हणाल्या. "सिनेमा बदला."

काकूंनी विजयी मुद्रेने काकांकडे पाहिलं. पण एकदा मनाने घेतलं की घेतलं. जिना उतरता उतरता काका म्हणाले, "ते जुनं रडू होतं. साठवणीतलं. नवीन येत नाहीये." काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

शनिवारचे तीनही खेळ कोरडे गेले. शेवटच्या खेळाआधी मालक हळूच जवळ आले आणि रुमालात गुंडाळलेला अर्धा कांदा पुढे करून म्हणाले, "थोडी मदत." काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मालकांनी कांदा मुकाट्याने परत खिशात घातला. त्या रात्री त्यांच्या कोटाजवळ जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांना पाणी येत होतं, एक काका सोडून.

रविवार उजाडला. दुपारचा खेळ सुटल्यावर सगळे मधल्या दालनात जमले. मालक, तिकीट खिडकीवरच्या बाई, पॉपकॉर्नवाला, झाडलोट करणाऱ्या मावशी. ऑपरेटर मध्ये खुर्चीवर, हात गुडघ्यांवर. तिकीटबाईंनी खोका उघडून कागदी रुमाल सगळ्यांना वाटले. काका उभे राहिले. सगळ्यांनी आपापले रुमाल नाकाजवळ नेऊन ठेवले.

काकांनी घसा साफ केला. आतून काहीतरी वर येईल म्हणून वाट पाहिली. काही आलं नाही.

"ऑपरेटर," काका म्हणाले, "कायम वेळेवर यायचे."

सगळे थांबले. काका पण थांबले.

"कधी उशीर नाही केला," काका म्हणाले आणि खाली बसले.

मावशींच्या हातून झाडू पडला. पॉपकॉर्नवाल्याने आपला कागदी रुमाल घडी करून परत खोक्यात ठेवला. मालकांनी घाईघाईने भिंतीवर लावायचं घड्याळ भेट दिलं. ऑपरेटर ते घेऊन म्हणाला, "बरं." मग वर जाऊन त्याने उरलेले दोन खेळ केले. दोन्ही वेळा झोतापुढून दोनदा हात फिरला, दोन्ही वेळा काकांनी बॅटरी दाखवली. आणि घड्याळ काखेत मारून ऑपरेटर घरी गेला.

त्या रात्री काका जेवले नाहीत. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्यांना.

ऑपरेटरच्या जागी मालकांनी माणूस घेतलाच नाही. नवं मशीन वेळ लावून ठेवली की आपोआप सुरू होतं, आपोआप थांबतं. सोमवारी दुपारी ठरल्या वेळेला ते सुरू झालं. दिवे गेले. पडद्यावर तीन सूर्य उगवले. काका एका बाईंना त्यांच्या जागेवर पोचवून दाराजवळ आले आणि सवयीने त्यांनी बॅटरी केबिनच्या खिडकीकडे वळवून दोनदा लावली.

पडदा काळा झाला नाही. सूर्य आपले उगवतच राहिले.

काकांना वाटलं, आपलं लक्ष नसेल. त्यांनी पुन्हा दोनदा बॅटरी लावली. खिडकीत कुणी नव्हतं. काचेमागे नुसतं मशीन गुरगुरत होतं.

काका लोखंडी खुर्चीवर बसले. आणि मग जे सुटलं ते सुटलं. बुटाच्या बक्कलाची बावीस मिनिटं चालू असताना काका हुंदके देत होते. यान इकडून तिकडे जात असताना त्यांचा पहिला रुमाल संपला. प्रेयसी "लवकर!" म्हणाली तेव्हा दुसरा संपला. आसपासचे लोक सिनेमा सोडून काकांकडे बघायला लागले आणि त्यांना वाटलं, आपल्यालाच काहीतरी कळत नाहीये. एकाने तर उगीच डोळेही पुसले.

नेमके तेव्हा मालक आत डोकावले.

खेळ सुटताच त्यांनी दोन्ही रुमाल हिसकावून घेतले, दाबले, आणि पाणी टपटप फरशीवर पडलं. "लागला!" मालक ओरडले. "उशिरा लागला, पण लागला! चार आठवडे!"

"मालक, अहो, ते सिनेमामुळे नाही…"

"काका, तीस वर्षं झाली. माणूस खोटं बोलेल, रुमाल बोलणार नाही!"

तासाभरात पुठ्ठ्याच्या यानाखाली नवा फलक लागला: 'काळीज पिळवटून टाकणारा अनुभव. रुमाल आणायला विसरू नका!'

पहिल्या आठवड्यात लोक रुमाल घेऊन आले आणि कोरडेच घेऊन गेले. दुसऱ्या आठवड्यात कुणी आलंच नाही. मालक चक्रावले. रुमाल ओला आणि खुर्च्या रिकाम्या, असं आजवर झालं नव्हतं. काका रोज सांगायला जायचे आणि मालक रोज ऐकून घ्यायचे नाहीत.

बुधवारी दुपारी तिकीट खिडकीवर एक माणूस आला. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला. तिकीटबाईंनी त्याला आधी ओळखलंच नाही. ऑपरेटरला उजेडात असं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"बाल्कनी, शेवटची रांग," तो म्हणाला.

दारात काका होते. ऑपरेटरने तिकीट पुढे केलं, काकांनी ते फाडून अर्धं परत दिलं.

"फलक वाचला," ऑपरेटर म्हणाला. "तू रडलास म्हणे."

"हो."

"कशावर?"

"बघ की," काका म्हणाले.

त्यांनी ऑपरेटरला वर नेलं, पायापुढे उजेड टाकला, "जपून, पायरी आहे" म्हणाले. एकतीस वर्षं ती पायरी चढणाऱ्याला पायरी दाखवली. ऑपरेटर शेवटच्या रांगेत मधोमध बसला, बरोबर केबिनच्या खिडकीखाली. काका खाली दारापाशी आले. प्रेक्षागृहात मोजून तीन माणसं, त्यातला एक झोपलेला.

मशीन आपोआप सुरू झालं. सूर्य उगवू लागले. निळा आला, तांबडा आला.

आणि तेवढ्यात पडद्यावर एक अवाढव्य हात उगवला. पाचही बोटं, एका बोटात अंगठी, मनगटावर घड्याळ. शेवटच्या रांगेतून कुणीतरी उभं राहून झोतात हात घातला होता. हाताने तिन्ही सूर्य एकदा झाकले, पुन्हा एकदा झाकले, आणि तो खाली गेला.

"कोण आहे रे तो?" झोपलेला माणूस जागा होऊन ओरडला.

काकांनी बॅटरी वर केली. दोनदा लावली.

खेळ सुटल्यावर ऑपरेटर जिन्याने खाली आला. चेहऱ्यावर नेहमीसारखं काहीच नाही.

"बडा घर, पोकळ वासा," तो म्हणाला. "बूट, टोपी, सगळं आहे. माणूस कुठे आहे? अरे, कशावर रडलास तू?"

काकांनी बॅटरीची कळ एकदा पुढे केली, एकदा मागे केली.

"तू वर नव्हतास," ते म्हणाले, "त्याच्यावर."

ऑपरेटरने तोंड उघडलं. "बरं" म्हणायला उघडलं असावं, पण आवाज आला नाही. त्याने सदऱ्याचा खिसा चाचपला, मग विजारीचा उजवा, मग डावा. रुमाल असता तर सापडला असता. काकांनी आपला घडीचा रुमाल त्याच्या हातात दिला. ऑपरेटरने त्यात नाक खुपसलं आणि असा आवाज काढला की तिकीटबाई खिडकीतून बाहेर डोकावल्या.

मालक त्याच वेळी त्यांच्या खोलीतून येत होते. ते जागच्या जागी थबकले. मग पुढे आले, ऑपरेटरच्या हातातून रुमाल अलगद काढून घेतला, आणि अंगठ्याने दाबला.

"ऑपरेटरसुद्धा?" त्यांचा श्वास अडकला. "ऑपरेटरसुद्धा!"

"मालक, आधी ऐकून तर घ्या…" काका म्हणाले. पण मालक फलक रंगवणाऱ्याला फोन लावत निघूनही गेले होते.

सिनेमा आणखी चार आठवडे वाढला. दर बुधवारी दुपारी ऑपरेटर यायचा, बाल्कनी, शेवटची रांग. आठ आठवडे तो सिनेमा बहुतेक रिकाम्या खुर्च्यांपुढे चालला, आणि त्याचे कायमचे प्रेक्षक होते दोन. त्या पहिल्या बुधवारनंतर त्या दोघांनीही त्यातली बघितली ती फक्त सुरुवात.